दुपारचं भांडण

९ फेब्रुवारी

दादा,

खरं सांग, तू बाबांना फोन करतोस का?

आधी याचं उत्तर दे, मग पुढचं वाच. सहा वर्षांत तू मला एक ओळ लिहिली नाहीस, नंबर बदललास, पण पत्ता तोच आहे. मी पाठवलेली पत्रं परत येत नाहीत, म्हणजे तिथे कोणीतरी ती घेतंय. घेणारा वाचतही असेल असं धरून चालते.

बाबांच्या अपघाताचं मागच्या वर्षी कळवलं होतं. वाचलं नसशील तर पुन्हा लिहिते. लिफ्टच्या टपावर उभं राहून दुरुस्ती करताना पाय घसरला. निवृत्तीला काही महिने उरले होते. जन्मभर लोकांना वर-खाली नेणाऱ्या माणसाला आता कमरेखाली काही कळत नाही. उजव्या कुशीवरून डाव्या कुशीवर वळवायलासुद्धा दुसरं माणूस लागतं. मी सकाळी सगळं आवरून लॅबला जाते. अजून कवळ्याच बनवते, बढती म्हणशील तर आता पुढचे दातही माझ्याकडे देतात. दुपारी खालच्या मजल्यावरच्या शिवणकाम करणाऱ्या काकू त्यांच्याजवळच्या किल्लीने दार उघडून बाबांना जेवू घालतात आणि खाली जातात. संध्याकाळी मी येईपर्यंत बाबा एकटे. निदान मी तसं समजत होते.

काल जिन्यात काकूंनी मला अडवलं. मशीन थांबवून मुद्दाम बाहेर आल्या होत्या.

"तुझ्या बाबांकडे दुपारी कोण येतं गं?"

"तुम्ही येता."

"माझं सोड. मी गेल्यावर कोण येतं? रोज भांडण होतं वरती. चांगलं कडाक्याचं. मला शब्द कळत नाहीत, पण आवाज तुझ्या बाबांचाच."

"आणि दुसरा?"

"दुसऱ्याचा आवाज ऐकूच येत नाही. शहाणा असणार, हळू बोलतो."

मनात पाल चुकचुकली. कारण दादा, मी घरी असते तेव्हा हा माणूस म्हणजे मूर्तिमंत शांतता. पाठीला जखम झाली, ती चिघळली, मी औषध लावताना तोंड फिरवते आणि हे म्हणतात, "होईल गं बरं. देव बघतोय." कधी कण्हणं नाही, कुरकुर नाही. मला या शांतपणाचा आधीपासून संशय होता. आई गेली तेव्हाही असेच होते, आठवतंय ना? तू ओरडत होतास आणि ते भिंतीकडे बघत उभे होते.

त्यांनी ज्याच्यावर एवढं ओरडावं असं या जगात एकच माणूस आहे, तो म्हणजे तू. म्हणून विचारते. चोरून फोन करून त्या पडलेल्या माणसाला जुन्या गोष्टींवरून छळत असशील, तर बंद कर.

तुझी,
शंकासूर
(हे नाव तूच ठेवलेलं आहेस, तेव्हा तक्रार करू नकोस.)


१६ फेब्रुवारी

दादा,

तू नाहीस. बाबा झोपले असताना त्यांचा फोन तपासला. त्यात मी आहे, काकू आहेत, औषधाचं दुकान आहे आणि कर्ज देऊ म्हणून मागे लागलेल्या त्या बायका. बाकी कोणी नाही. तुझ्यावर आळ घेतला त्याबद्दल माफी मागणार होते, पण मग वाटलं, तू फोन करत नाहीस म्हणून माफी कसली मागायची?

मग मी व्यायाम करून घेणाऱ्या फिजिओच्या मागे लागले. आठवड्यातून दोनदा सकाळी येतो. फार गोड बोलतो. एवढं गोड बोलणाऱ्याचं कुठेतरी पाणी मुरतंय असं मला कायम वाटतं. बाबांच्या नावावर हे घर आहे, आणि माणूस अंथरुणाला खिळला की त्याच्याभोवती काय काय घिरट्या घालतं हे आमच्या लॅबमध्ये बसून रोज ऐकते. तेव्हा मी एक उद्योग केला. तो येत नसतो त्या दिवशी निघताना उंबऱ्याच्या आत प्लॅस्टरची भुकटी भुरभुरली, आम्ही लॅबमध्ये दातांच्या साच्यांसाठी वापरतो ती. इतकी पातळ, की वाकून पाहिल्याशिवाय दिसू नये. संध्याकाळी दार उघडून मी गुडघे टेकून बसले. काकूंच्या सपातांचे ठसे होते. येताना आणि जाताना. दुसरं एक पाऊल नाही.

"काय शोधतेस?" आतून बाबा.

"कानातलं पडलं."

"तू घालतेस कुठे कानात?"

खाली जाऊन काकूंना विचारलं, आज? म्हणाल्या, आज तर कहर झाला. एकदा "उत्तर दे" एवढं स्पष्ट ऐकलं मी.

म्हणजे माणूस आला नाही, फोन आला नाही, आणि कोणाकडून तरी उत्तर मागितलं जातंय. दादा, मला भीती वाटायला लागली आहे. लॅबचे मालक म्हणाले, त्यांच्या सासऱ्यांचंही असंच सुरू झालं होतं. आधी भिंतीशी बोलायचे, मग घरच्यांना ओळखेनासे झाले. मी बाबांना विचारलं, "माझं वय किती? आज वार कोणता?" सगळं बरोबर सांगितलं. वर म्हणाले, "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?"

काही लपवतायत हे नक्की. ताकास तूर लागू देत नाहीत.

तू इथे असतास तर आपण पाळी लावून पहारा दिला असता. लहानपणी बिस्किटांचा डबा कोण उघडतं हे पकडायला बसायचो तसे. तेव्हाही चोर तूच निघालास म्हणा.


२१ फेब्रुवारी

दादा,

काल अंगात कणकण आहे असं खोटं सांगून मी दुपारीच घरी आले. काकू जेवू घालून खाली गेल्या होत्या. चपला जिन्यातच काढल्या, किल्ली अशी फिरवली की मलाही आवाज आला नाही, आणि बाबांच्या खोलीच्या दाराआड उभी राहिले. दार किलकिलं होतं.

आधी काहीच नाही. पंखा फिरत होता. माझ्या मनात आलं, काकूच भ्रमिष्ट.

आणि मग बाबा बोलले. अगदी साध्या आवाजात, समोरच्या खुर्चीत कोणी बसलं असावं तसे.

"हां. तर कालचं राहिलं."

खुर्ची रिकामी होती. मला फटीतून दिसत होती.

"पाय घेतलेस. ठीक आहे म्हणालो मी. म्हणालो की नाही? पण ती पोरगी रोज माझी घाण काढते, तिचं काय? तिने काय केलं होतं? तिचं वय काय हे काम करायचं? माझ्यावर राग होता तर मला एकट्याला गाठायचंस. लिफ्ट होती, उंची होती, संपवायचंस. अर्धवट काम कशाला केलंस? मी असं अर्धवट काम केलं असतं तर मला कामावरून काढलं असतं!"

आवाज चढत गेला. मान ताणून, उशीवरून डोकं उचलून बोलत होते. गळ्याच्या शिरा तटतटल्या होत्या. दादा, मी या माणसाला कधी ओरडताना पाहिलेलं नाही. तूही नाही. तू त्यांना दगड म्हणाला होतास.

"उत्तर दे! रोज विचारतो. बहिरा आहेस का? का मी तुला दिसत नाही? दिसतो तर बोलत का नाहीस?"

ते देवाशी भांडत होते.

माझ्या देखत "देव बघतोय" म्हणणारा माणूस दुपारी त्याला बहिरा म्हणत होता. हसू आलं, ते मी तळहाताने दाबलं. आत जाणार एवढ्यात ते आईबद्दल बोलायला लागले. मग मी हलले नाही. जे ऐकलं ते आज लिहीत नाही. आधी खात्री करायची आहे. कोण जाणे, मी दाराआड आहे हे त्यांना कळलं असेल आणि मला ऐकवण्यासाठीच ते बोलले असतील. मी गुपचूप बाहेर पडले आणि नेहमीच्या वेळेपर्यंत रस्त्यावरून फिरत राहिले.

संध्याकाळी आले तेव्हा बाबा शांत पडले होते. घसा बसलेला.

"काय झालं आवाजाला?"

"थंड पाणी प्यायलो," म्हणाले.


२६ फेब्रुवारी

दादा,

हे पत्र बसून वाच.

आईच्या हृदयाची झडप बदलायची की नाही, यावरून काय झालं ते तुला मी सांगायला नको. तू सगळी धावपळ केलीस, मोठ्या हॉस्पिटलात तारीख घेतलीस, आणि बाबा म्हणाले, "नको. देवावर सोडू." तू पाया पडलास तरी हलले नाहीत. आई गेल्यावर तू म्हणालास, "तुमच्या देवाने मारलं तिला आणि तुम्ही दार उघडून दिलंत." त्यानंतर तू या घरात आला नाहीस. मी उघड काही म्हटलं नाही, पण मनातून मी तुझ्याच बाजूची होते. आजवर.

त्या दुपारी दाराआडून मी जे ऐकलं ते असं.

"तिला नको होतं ऑपरेशन. तिने मला शब्द द्यायला लावला. म्हणाली, मी नाही म्हटलं तर पोरगा माझ्याशी भांडेल, रडेल, उचलून नेईल मला. तुम्ही नाही म्हणा. तुमच्यावर चिडू दे. माझे जे दिवस उरलेत ते मला त्याच्याशी गोड बोलून काढायचेत. मी ऐकलं तिचं. पण मी तुला विचारलं होतं! रोज विचारत होतो, तिचं ऐकू की पोराचं ऐकू. एक शब्द बोलला नाहीस. तेव्हा बोलला असतास तर आज बायको असती, नाहीतर मुलगा तरी असता. दोन्ही गेले. आणि मी बरोबर केलं की चूक, हेसुद्धा तू मला सांगत नाहीस."

आता तू काय म्हणशील ते मला माहीत आहे. मेलेल्या बाईच्या नावावर काहीही खपवता येतं. मलाही आधी तेच वाटलं. म्हणून काल मी आईच्या डॉक्टरांकडे गेले. ते आता म्हातारे झालेत, चष्म्याच्या दुकानावरच्या एका खोलीत सकाळचे दोन-तीन तास बसतात. मी आईचं नाव सांगितलं, दुखणं सांगितलं. आठवेना. मग म्हटलं, तिचा मुलगा तुमच्या टेबलावर मूठ आपटून गेला होता.

"हां!" म्हणाले. "त्याने माझी काच फोडली."

"आई तुमच्याकडे कधी एकटी आली होती का?"

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, "आली होती. तुम्हाला कळू देऊ नका म्हणाली होती. आता ती नाही, तुम्ही मुलगी आहात, सांगायला हरकत नसावी. तिने मला एकच विचारलं. काही केलं नाही, तर मी किती दिवस चालती-बोलती राहीन? मी अंदाज सांगितला. तेवढे पुरेत म्हणाली. मी समजावलं, रागावलो, शेवटी म्हटलं, घरच्यांना काय सांगणार? हसली. म्हणाली, बोलणी खायला माझा नवरा आहे."

मी विचारलं, "ऑपरेशन केलं असतं तर वाचली असती?"

"माहीत नाही."

"तुमचा अंदाज?"

"बाई, त्याच महिन्यात तशाच दुखण्याच्या दोघींचं ऑपरेशन झालं. एक अजून दिवाळखोर मुलाला शिव्या देत फिरते. दुसरी टेबलावरच गेली. तुमची आई यांतली कोणती झाली असती, हे मला तेव्हा कळत नव्हतं, आजही कळत नाही."

बाबांनी डॉक्टरांना पढवून ठेवलं असेल का, हाही विचार मी जिना उतरताना करून पाहिला. माणूस खाटेवरून उठू शकत नाही, फोनमध्ये नंबर नाही. शंकेला जागाच उरली नाही. रस्त्याच्या कडेला उभी राहून मी रडले. एक बाई पाणी घेऊन आली, तिच्याकडेही मी संशयाने पाहिलं. सवय जात नाही.

दादा, आपल्याशी आई शेवटी किती छान बोलायची. तुला जवळ बसवून तुझ्या ऑफिसातल्या गमती ऐकायची. त्या दिवसांची किंमत बाबांनी भरली आणि आपल्याला कळूही दिलं नाही.


१ मार्च

दादा,

बाबांना सांगून टाकलं. मला लपवता येत नाही, लपवलेलं शोधता तेवढं येतं.

मी त्यांची पाठ पुसत होते. त्यांचं तोंड भिंतीकडे होतं, म्हणून धीर झाला. म्हटलं, "मी दाराआडून ऐकलं. आणि डॉक्टरांकडेही जाऊन आले."

त्यांनी भिंतीचा पोपडा नखाने खरवडला. मग म्हणाले, "चोरटी."

"तुम्ही काय कमी चोरटे? सहा वर्षं!"

"शब्द दिला होता तिला."

"मी दिला नव्हता. मी दादाला लिहिलं."

तेव्हा ते भडकले, दादा. माझ्यावर. आयुष्यात पहिल्यांदा. भिंतीकडे तोंड करूनच ओरडले, कारण वळता येत नव्हतं. "कोणाला विचारून? त्याच्या आठवणीतली आई गोड राहू दे म्हणून मी तोंड शिवून बसलो, आणि तू एका पत्रात उसवलंस! आता तो तिच्यावर चिडेल. जिला उत्तर देता येत नाही तिच्यावर!" मीही ओरडले. म्हटलं, "आणि तुम्ही? देव बघतोय, देव बघतोय म्हणून मला रोज फसवलंत. तुमचा स्वतःचा तरी विश्वास आहे का त्याच्यावर?"

मी त्यांना वळवलं. डोळे लाल झाले होते.

"तुला फसवलं नाही," म्हणाले. "तो बघतोय, म्हणून तर ओरडतो. रिकाम्या खुर्चीवर कोण ओरडेल?"

"पण तो बोलत नाही."

"नाही बोलत."

"मग?"

"मग काय? रोज ठरवतो, उद्यापासून याच्याशी संबंध तोडायचा. दुसऱ्या दिवशी जेवण होतं, काकू जातात, आणि मला त्याला सुनवायचं आणखी काहीतरी आठवतं. बोलून झालं की जरा झोप लागते. याला विश्वास म्हणतात की काय म्हणतात ते मला माहीत नाही गं. मी लिफ्टवाला माणूस."

माझं समाधान झालं नाही. त्यांचं तरी झालंय का, मला शंका आहे. पण इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला त्यांच्या शांत चेहऱ्याची भीती वाटली नाही.

तू चिडशील. आईवर चीड, बाबांवर चीड, माझ्यावर चीड. पण इथे येऊन चीड.


१९ मार्च

दादा,

तू आलास आणि गेलास. जेवलासुद्धा नाहीस. बाबांना जे जे बोललास ते मी स्वयंपाकघरात उभी राहून ऐकलं. दाराआड उभं राहायची गरजच नव्हती, अख्ख्या जिन्याने ऐकलं असणार. "तिचं ऐकायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला," हे तू चारदा म्हणालास. बाबा प्रत्येक वेळी "बरोबर आहे" म्हणाले. शेवटी तू विचारलंस, "ती वाचली असती का?" ते म्हणाले, "मला माहीत नाही. मी रोज विचारतो." त्यावर तू दार आपटून निघून गेलास.

पुढचं तू पाहिलं नाहीस, म्हणून लिहिते.

मला वाटलं हा धक्का त्यांना झेपणार नाही. तूच त्यांना मारायला आला होतास, असंही मनात आलं. खरं सांगते. पाणी घेऊन आत गेले तर ते छताकडे पाहत होते.

"त्याचे केस पांढरे झालेत," म्हणाले. "तुला दिसलं का? कानाजवळ."

आज मी रजा घेतली. दुपारी काकू जेवू घालून गेल्या, तरी मी खोलीतच बसून राहिले. बाबा चुळबुळ करायला लागले. मी म्हटलं, "तुमची वेळ झाली ना? बोला की. आता काय लपवायचंय?"

लाजले. खरंच लाजले. मग खुर्चीकडे पाहून घसा खाकरला.

"तो आला होता," म्हणाले. "आला त्याबद्दल... ठीक आहे. पण असा उपाशी का पाठवलास? एवढ्या लांबून आलेला माणूस. आणि हे बघ, मूळ प्रश्न तसाच आहे. तो मी सोडलेला नाही."

बरंच बोलले. तुझ्यावर, आईवर, पाठीच्या जखमेवर. ओरडले नाहीत, मी होते म्हणून असेल. थांबले तेव्हा खालच्या मशीनची टकटक ऐकू आली. मी त्या खुर्चीकडे पाहत होते. आई गेल्यापासून मी देवाशी एक शब्द बोललेली नाही. राग होता असं नाही. ऐकणारं कोणी असेल याचाच संशय होता. तो अजूनही आहे.

बाबा म्हणाले, "तुला काही विचारायचंय का त्याला?"

"मला काय विचारायचंय?"

"विचार. मी ऐकत नाही." आणि त्यांनी दोन्ही तळहात कानांवर घट्ट दाबले, डोळे मिटून घेतले, लहान मुलासारखे.

मला हसायला आलं. कोणी नव्हतं बघायला. मग मी विचारलं. काय विचारलं ते तुला सांगणार नाही. आधी शब्द सापडेनात, मग थांबवेनात. माझाच आवाज मला अनोळखी वाटत होता.

उत्तर आलं नाही. मी वाट पाहिली, अगदी खरोखर कान देऊन. पंखा फिरत राहिला.

बऱ्याच वेळाने बाबांनी एक डोळा उघडला, एका कानावरचा हात जरासा उचलला आणि विचारलं, "झालं?"

मी म्हटलं, "नाही."

त्यांनी परत कान झाकले.